पायी चालणारा होला

माझ्या थोरल्या भावाचे जावई परदेशात असतात, हे शिवाजी पेठेत ज्याला माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. दादांनी ती सोयच ठेवलेली नाही. दूधवाला, इस्त्रीवाला, तालमीच्या कट्ट्यावर बसणारी रिकामी मंडळी, सगळ्यांना त्यांनी तीन-तीनदा सांगून झालं आहे. "आमचे जावई वेस्ट इंडीजला असतात. मोठ्या हॉटेलात, मोठ्या हुद्द्यावर." कट्ट्यावरच्या एकानं एकदा विचारलं, तिथं फुटबॉल खेळतात का. क्रिकेट खेळतात म्हटल्यावर त्याला त्या देशात काही रस उरला नाही. आमच्या पेठेत माणसाची आणि देशाची किंमत अशीच होते.

मी त्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो. लग्न केलं नाही. एका हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झालो. तीस वर्षं जेवायला खाली दादांकडे आहे, म्हणजे वहिनींच्या हातचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी वहिनींबद्दल जे सांगणार आहे ते त्यांच्या हातची भाकरी खाणाऱ्या माणसानं मनात आणायला नको होतं.

मला पक्ष्यांचा नाद आहे. नोकरीत असताना रविवारी जायचो, आता रोज सकाळी कळंब्याच्या तळ्याकडे जातो. वहीत नोंदी करतो. जावयांची बदली कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा नावाच्या चिमुकल्या बेटावर झाली, तेव्हा घरातल्या बाकीच्यांनी नकाशात बेट शोधलं आणि मी पुस्तकात पक्षी शोधला. तिथं एक होला आहे, ग्रेनाडा डव्ह. आपल्या पारव्यापेक्षा थोडा लहान, वरून तपकिरी, छाती फिकट गुलाबी, पोट पांढरं आणि पंखाच्या पुढे खांद्यावरून खाली उतरलेली एक पांढरी रेघ. त्याला उडता येतं, पण उडायचा कंटाळा. काटेरी झुडपांखालच्या पाचोळ्यातून चालत चालत दाणे टिपतो. त्या बेटाच्या कोरड्या उतारांवर थोडेसे उरलेत, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. उतारांवरची झाडी गेली की तोही गेला.

आमच्या घरातलं कुणीतरी त्या पक्ष्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहायला गेलं होतं. मला झोप लागेना.

पण गेलं होतं कोण, तर जावई. दिवाळीत ते सुट्टीवर आले तेव्हा मी त्यांना वर बोलावलं, पुस्तकातलं चित्र दाखवलं, होल्याचा आवाज लॅपटॉपवर ऐकवला, माझी जुनी दुर्बीण दिली आणि कुठल्या वेळी, कसल्या झाडीत, किती शांत बसायचं ते एका कागदावर लिहून दिलं. जावयांनी दुर्बीण गळ्यात अडकवून आधी स्वतःचा फोटो काढला. मग म्हणाले, "काका, काही प्रॉब्लेम नाही." ज्या माणसाला कशातच प्रॉब्लेम नसतो त्याच्याकडून काही होत नाही, हे मी शाळेत शेकडो मुलांमध्ये पाहिलं होतं. तरीही विश्वास ठेवला. हाव माणसाला मूर्ख करते.

चार महिन्यांनी मोबाईलवर फोटो आला. खाली मजकूर होता, 'काका, सापडला तुमचा पक्षी.' आणि खरंच तोच होता. पाचोळ्यात उभा, मान वर केलेली, खांद्यावर पांढरी रेघ. मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. दादांना नेऊन दाखवला. ते म्हणाले, कबूतरच दिसतंय की. दादांकडून मला वेगळी अपेक्षाही नव्हती.

आमचा पक्षीमित्रांचा एक गट आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बसतो. या लोकांबद्दल मी फारसं चांगलं बोलू शकत नाही. अंगात खिसेच खिसे असलेली जाकिटं, गळ्यात हातभर लांबीच्या लेन्सा, आणि कळंब्याच्या काठावर असे दबकत चालतात की जणू समोर वाघ बसला आहे. पक्षी पाहत कुणीच नाही. फोटो काढतात, घरी जातात आणि मग कुठला पक्षी होता ते एकमेकांना विचारतात. त्यांचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते बोलताना डोळे मिटतात, समोरच्यानं बोलावं असं त्यांना कधी वाटलेलं नाही.

या मंडळींपुढे मी तो फोटो पडद्यावर लावला आणि अर्धा तास बोललो. आमच्या घरच्या माणसानं काढलेला, असं दोनदा सांगितलं. बोलून झाल्यावर मागच्या रांगेतला एक जण पुढे आला. कुठल्याशा कंपनीत संगणकाचं काम करतो. त्यानं मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की सर, हा फोटो इंटरनेटवर आहे, एका परदेशी बाईंनी काढलेला, खालचं त्यांचं नाव तेवढं कापलंय. मोबाईलवर मूळ फोटोही दाखवला. तो मोठ्यानं बोलला असता तर मी भांडलो असतो. तो हळू बोलला, त्यामुळे काहीच करता आलं नाही. अध्यक्षांपर्यंत ती गोष्ट चहा येईपर्यंत पोहोचली होती.

मी जावयांना फोन लावला. ते रागावले नाहीत, ओशाळले नाहीत. "काका, पक्षी तोच आहे ना?" म्हणाले. "मग?"

त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो. कामच नव्हतं, म्हणून बोललो नाही.

पुढच्या वर्षी पुतणीला दिवस राहिले आणि बाळंतपणाला वहिनींनी तिकडे जायचं ठरलं. वहिनी मूळच्या कोडोलीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. शाळा सातवीपर्यंत. आमच्याकडच्या बायकांसारख्या त्या 'मी येतो, मी जातो' म्हणतात, आणि मास्तर म्हणून मला ते तीस वर्षं टोचत आलं. आवाज एवढा की वरच्या मजल्यावर मला त्यांचं शेजारणीशी चाललेलं बोलणं अक्षर न् अक्षर कळतं. त्यांनी पिशव्या भरायला घेतल्या. डिंक, अळीव, सुंठ, मेतकूट आणि कांदा-लसणाची चटणी तर एवढी की त्या बेटाच्या सरकारनं चौकशी लावावी. मी म्हणालो, विमानतळावर सगळं काढून घेतील. कुणी काहीही काढून घेतलं नाही. दोन ठिकाणी विमान बदलायचं होतं. मी दादांना म्हणालो, वहिनी लंडनमध्येच हरवणार. त्या पुतणीनं लिहून दिलेला कागद लोकांपुढे धरत, सगळ्यांशी मराठीतच बोलत, ठरल्या वेळी बेटावर उतरल्या.

त्या पक्ष्याबद्दल मी त्यांना एक शब्द सांगितला नाही. सुचलं नाही असं नव्हे. सुचलं होतं. एका मित्रानं विचारलंही, वहिनी चालल्यात तर त्यांना का सांगत नाहीस? मी म्हणालो, ज्या बाईला कावळा, चिमणी आणि कोंबडी एवढीच पाखरं माहीत, तिला मी काय सांगू? मित्र हसला. मला वाटलं, बरं बोललो.

साडेतीन महिने दादा आणि मी खानावळीचा डबा खाल्ला. रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. वहिनी नातीला मोबाईलसमोर धरायच्या आणि आम्ही दोघं म्हातारे 'बुवा कुक' करायचो. पाखराचा विषय कधी निघाला नाही. कसा निघणार, तो काढणारा मीच होतो.

वहिनी परत आल्या त्याला आठवडा झाला होता. दुपारी जेवण उरकून मी पेपर वाचत बसलो होतो आणि त्या मागच्या दारात सुपात तांदूळ निवडत होत्या. कणी बाजूला काढून ठेवली होती, ती मुठीत घेऊन स्वतःशीच म्हणाल्या, "हितं कोन येनार खायाला. तिथला व्हला तेवडा रोज यायचा."

मी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, कसला होला.

"व्हलाच की. आपल्या मळ्यातल्या व्हल्यापरीस थोराड. मी सकाळी मागं तांदूळ निवडायला बसायचो न्हवं, तवा काट्यातनं चालत यायचा. येकटाच. दुसरीबी पाखरं यायची तिथं, पर ती थव्यानं उडत यायची. ह्यो पायी यायचा आन् पायीच जायचा. हाकलला तरी उडायचा न्हाई. पावण्यासारखा मान वर करून चालायचा."

मी पेपर खाली ठेवला. रंग कसा होता म्हणून विचारलं. त्यांनी तपकिरी सांगितला, पोट पांढरं सांगितलं, पाय लालसर सांगितले. मी आणखी काही म्हणून विचारलं. त्यांनी उजव्या हाताची बोटं डाव्या खांद्यावरून खाली ओढली. "हितनं अशी पांढरी किनार. पदराचा काठ दिसावा तशी."

मी वर गेलो. पुस्तकं काढली, पाच-सहा जातींच्या होल्यांची चित्रं निवडली, त्यात त्या बेटावर सर्रास आढळणारे दोनही घातले आणि नावं झाकून सगळी त्यांच्यापुढे मांडली. आजही कबूल करायला हरकत नाही, मला त्या चुकायला हव्या होत्या. त्यांनी एकेक चित्र बघितलं. दोन बाजूला काढून म्हणाल्या, ही थव्यानं येनारी. मग एकावर बोट ठेवलं. "ह्यो बगा."

मी विचारलं, ओरडायचा कसा? वहिनींनी सूप खाली ठेवलं, गाल थोडे फुगवले आणि घशातून एकच लांब 'हूं' काढला, शेवटाला खाली उतरत गेलेला. मग त्या गप्प तांदूळ निवडू लागल्या. मला वाटलं झालं. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पुन्हा तसाच 'हूं' काढला. म्हणाल्या, मधे तेवढाच वेळ गप्प बसतो, आपल्याला वाटतं गेला. लॅपटॉपवरचा तो आवाज मी शंभरदा ऐकला होता. मधलं अंतर तेवढंच होतं.

मी विचारलं, वहिनी, फोटो का नाही काढला?

"पाखराचा काय काडायचा?" त्या म्हणाल्या. "नातीचंच न्हाई बगून होत."

माणसाला आनंद व्हायला हवा होता. मला आधी चीड आली. चाळीस वर्षं वह्या भरल्या मी, आणि जगातला एक अत्यंत दुर्मिळ पक्षी तीन महिने रोज सकाळी चालत आला तो कणी फेकणाऱ्या या बाईकडे. मग मात्र मला घाई सुटली. पहिल्या रविवारी वहिनींना गटासमोर न्यायचं, अध्यक्षांचे डोळे एकदाचे उघडायचे. त्यांना नेण्यामागे त्यांचा मान वगैरे काही माझ्या मनात नव्हता. मला माझी फोटोची फजिती धुऊन काढायची होती.

वहिनी नको म्हणत होत्या. मी आग्रह धरला. त्या चांगली साडी नेसून आल्या, पहिल्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी दोन शब्द बोललो आणि त्यांना उभं केलं. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईचा आवाज त्या दिवशी लागेना. तरी त्यांनी जे पाहिलं ते सगळं सांगितलं, चाल सांगितली, किनार सांगितली. अध्यक्ष डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, ताई, फोटो आहे का. वहिनी न्हाई म्हणाल्या. कॅमेरा नव्हता का? मोबाईल हुता. मग अध्यक्षांनी आम्हा सर्वांना पुरावा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, आमच्या कामवालीनंही परवा मोर बघितला होता, जाऊन बघतो तर शेजाऱ्याचा कोंबडा. हॉल हसला.

आणि मीही हसलो. मोठ्यानं नाही. पण हसलो. तिथं बसलेल्या एकाही माणसाबद्दल मला काडीचा आदर नव्हता, आणि त्यांच्याबरोबर हसायची संधी आली तेव्हा ती मी सोडली नाही. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या खाली बसल्या.

परत येताना एका बेकरीपाशी थांबून त्यांनी विचारलं, एका पाखरासाठी एवढी माणसं गोळा का होतात? मी त्यांना सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं. की तो पक्षी त्या एका बेटाशिवाय जगात कुठेही नाही. तिथंही थोडेच उरलेत. त्याला काटेरी उतार लागतात, आणि उतारांवर घरं आणि हॉटेलं चढत चालली आहेत.

वहिनींचा चेहरा बदलला. त्यांनी विचारलं, "काटं गेलं तर?"

मी म्हटलं, मग तो जाणार कुठं.

"भाऊजी, त्ये काटं मीच काडाय लावलं," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही. त्यांनी सांगितलं ते असं. घराच्या मागे तारेच्या कुंपणापलीकडे उतारावर सगळं काट्याचं रान होतं, ती जागाही जावयांनीच घेतलेली. नात आता सहा-सात महिन्यांत रांगायला लागणार. काट्यात उंदीर दिसले, एकदा विंचू दिसला. वहिनींनी निघायच्या आधी आठ दिवस जावयांच्या मागे लकडा लावला, की एवढं साफ करून घ्या. कोडोलीत मळ्याच्या बांधावरचे काटे काढतात तसंच ते त्यांना वाटलं. जावयांनी, पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकून, माणसं लावली. वहिनी निघाल्या त्या दिवशी मशीन येऊन उभं राहिलं होतं.

"तुमाला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "जावयास्नी सांगितलं. फोटो मागवला. मला का न्हाई सांगितलं?"

खरं उत्तर माझ्याजवळ तयार होतं, मित्राला ऐकवलेलं, कावळा-चिमणी-कोंबडीचं. ते तिथं रस्त्यात त्यांना ऐकवण्याइतकी हिंमत माझ्यात नव्हती आणि दुसरं काही रचण्याइतका मी चलाख नाही.

घरी आल्या आल्या त्यांनी पुतणीला फोन लावला. तिकडे सकाळ होती. अर्धा उतार साफ झाला होता, तिथं आता गवत लावलं होतं. उरलेला अर्धा पावसानंतर करायचा होता. वहिनींनी तो करू नका म्हणून सांगितलं. जावई फोनवर आले आणि हसून म्हणाले, आई, आधी काढा म्हणता, मग ठेवा म्हणता. वहिनी त्यांना आयुष्यात कधी उलट बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. काय बोलल्या ते मी लिहीत नाही, पण तो उरलेला अर्धा उतार आजही तसाच आहे. पुतणीला त्यांनी रोज कणी टाकायला सांगितलं. ती टाकते. शेजारच्या कोंबड्या येऊन खातात. थव्यानं येणारे येतात. पायी येणारा आलेला नाही. एकदा सकाळी लांबून तसा आवाज ऐकला असं पुतणी म्हणाली. पण आईला बरं वाटावं म्हणूनही ती म्हणाली असेल.

माझं त्या गटात जाणं थांबलं. तत्त्वासाठी नव्हे. त्या हॉलची पायरी चढायची म्हटली की ते माझं हसणं आठवतं. दादा कट्ट्यावर आता नातीबद्दल सांगतात. होल्याबद्दल त्यांना अजून काही माहीत नाही, आणि सांगितलं तरी ते कबूतरच म्हणतील.

वहिनी पंधरा दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. ताट वाढायच्या, भाकरी गरम असायची, पण 'आणखी घ्या' म्हणायच्या नाहीत. मी माफी मागितली नाही. ती कशी मागतात ते मला येत नाही. एका दुपारी मी पेपर न घेताच मागच्या दारात गेलो. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उभाच राहिलो आणि विचारलं, वहिनी, तिकडे आणखी काय काय बघितलं तुम्ही?

त्यांनी वर पाहिलं नाही. पाच-सहा शेंगा फोडून झाल्यावर पायानं पाट माझ्याकडे सरकवला.

"बसा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "लई हाय."